पाळकाचं घर

“फादर, तुम्ही संसारी कसे काय?” एसटीत, तहसील कचेरीत, दवाखान्याच्या रांगेत हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. गळ्याची पांढरी कॉलर पाहून लोक फादर म्हणतात आणि सोबत बायको-मुलं दिसली की बुचकळ्यात पडतात. फादर म्हणजे रोमन कॅथलिक धर्मगुरू. ते आजन्म अविवाहित राहतात. मी प्रोटेस्टंट परंपरेतला पाळक आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्या मंडळीत माझी दीक्षा झाली. आमच्यात पाळकाला लग्न करता येतं, आणि बहुतेक जण करतात. देवळाच्या आवारातच त्याचं घर असतं. त्या घराचं दार मंडळीला कायम उघडं असावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मी नेवासा तालुक्यात काम करतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ठाणं केलं आणि तिथून हे काम खेड्यापाड्यांत पसरलं. माझ्या मंडळीतली बरीच घरं शेतमजुरी करणारी आहेत. दिवाळी झाली की काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं उरतात. रविवारची उपासना आणि संदेश हे पाळकाच्या कामातलं लोकांना दिसणारं टोक. बाकीचा आठवडा घरभेटी, कोणाच्या ओसरीवरची प्रार्थनासभा, सिव्हिल हॉस्पिटलमधली विचारपूस, जातीच्या नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणाबरोबर तरी घातलेले हेलपाटे यांत जातो. मयत झालं तर कबर खोदायला माणसं गोळा करण्यापासून पेटीची सोय करण्यापर्यंत सगळं पाहावं लागतं. यातलं कोणतंही काम मला कमी दर्जाचं वाटत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली प्रार्थना आणि त्याच आजाऱ्याचं रेशनकार्ड शोधून देणं, या दोन्हींत मी एकाच प्रभूची आज्ञा पाळत असतो.

पण हे सगळं मी एकटा करत नाही. लोकांना हेच मोकळेपणाने सांगावं म्हणून हा लेख लिहायला घेतला.

माझ्या पत्नीने मिरजेला परिचारिकेचं शिक्षण घेतलं, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात. शिकल्यावर तिला चांगली नोकरी होती. माझी बदली झाली आणि ती नोकरी सुटली. दुसऱ्या गावी दुसरी धरली, पुढच्या बदलीत तीही गेली. आता सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बायका रक्तदाब मोजून घ्यायला येतात. साखरेच्या गोळ्या जेवणाआधी की नंतर, बाळाला ताप आलाय तर अंग पुसून काढावं का, सुनेला दिवस गेलेत पण ती लाजते, तिला तपासायला कसं न्यावं, असे प्रश्न माझ्याकडे येत नाहीत, तिच्याकडे येतात. तिला सगळे ‘पाळकीणबाई’ म्हणतात. त्या हाकेत प्रेम असतं, आदरही असतो. पण महिला मंडळ चालवणं, संडे स्कूलच्या मुलांना नाताळची गाणी शिकवणं, अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी पिठलं-भाकरी करणं हे सगळं लोक त्या नावातच गृहीत धरतात. मानधन मिळतं ते मला, तेही थोडं आणि कधी उशिरा. तिच्या कामाची नोंद मंडळीच्या हिशेबाच्या वहीत कुठेही नाही.

पाळकाच्या घराला पाचशे वर्षांचा इतिहास आहे. १३ जून १५२५ रोजी जर्मनीत मार्टिन ल्यूथर या माजी संन्याशाने कॅथरिना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केलं. व्हिटेनबर्गच्या जुन्या मठातच त्यांनी संसार थाटला. त्यांना सहा मुलं झाली. घरात नातेवाईक, निराश्रित आणि जेवूनखाऊन राहणारे विद्यार्थी यांची सदा वर्दळ असे. ल्यूथर लिहीत, शिकवत, वाद घालत. कॅथरिना शेती पाही, जनावरं पाही, घरची बिअर गाळी आणि पैशांचा मेळ घाली. त्यांची मॅग्दालेना १५४२ मध्ये तेराव्या वर्षी गेली तेव्हा ल्यूथर कोसळून गेले होते. इतक्या लोकांना पुनरुत्थानाची आशा सांगणारा माणूस लेकीसाठी रडला, हे वाचलं की मला आधार वाटतो. श्रद्धा असली म्हणजे दुःख होत नाही, असं प्रभूने कुठेच म्हटलेलं नाही. लाजरसच्या थडग्यापाशी तो स्वतः रडला.

शुभवर्तमानं वाचतानाही माझं लक्ष आता घरांकडे जातं. पेत्राला सासू होती आणि ती तापाने फणफणलेली असताना येशूने तिला बरं केलं, म्हणजे पेत्र संसारी होता. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रावरून दिसतं की पेत्र प्रवासाला निघे तेव्हा त्याची पत्नीही बरोबर असे. तिचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. तीमथ्याला लिहिताना मंडळीच्या पुढाऱ्याला स्वतःचं घर नीट चालवता आलं पाहिजे, अशी अटच पत्रात घातली आहे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मार्काच्या सातव्या अध्यायातला प्रसंग. त्या काळी माणूस आपली मिळकत देवाला अर्पण केली असं जाहीर करे आणि मग त्या सबबीवर आईबापांना काही देत नसे. धर्माच्या नावाने चाललेल्या या व्यवहारावर येशूने कडक शब्दांत ताशेरे ओढले. देवाला दिलं म्हणून घरच्यांना नाकारायचं, हे त्याला मान्य नव्हतं. पुढे वधस्तंभावर प्राण जात असतानाही त्याने आईला आपल्या शिष्याच्या हवाली केलं. जगाच्या तारणाचं काम पुरं करणाऱ्याला आईची सोय लावायला वेळ होता. आम्हा पाळकांना तो नसावा, हे मला पटत नाही.

माझ्या आईची शेवटची वर्षं आमच्याकडे गेली. तिची स्मृती गेली होती. संध्याकाळ झाली की देवळाची घंटा वाजली का, असं ती पुन्हापुन्हा विचारी. मुलं न कंटाळता उत्तर देत. तिला भरवणं, केस विंचरणं, रात्री उठून चादर बदलणं ही कामं आम्ही वाटून घेतली होती. त्या दिवसांत काही घरभेटी कमी झाल्या, एका-दोघांनी बोलून दाखवलं. मंडळीच्या पंचांपुढे मी उभा राहिलो आणि सांगितलं, की ही माझ्या सेवेतली सुट्टी नाही, हीच माझी सेवा आहे. वडीलधाऱ्यांनी ते समजून घेतलं. नंतर त्यांच्यातल्याच बायका दुपारी येऊन आईजवळ बसू लागल्या.

मराठीत पाळकाच्या घराची गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांइतकी खरी कोणी लिहिलेली नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दुरावल्या. नातेवाइकांच्या आधाराने काही वर्षं त्यांनी काढली. टिळकांना श्रद्धा मिळाली आणि त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे कोणी लपवू नये. पुढे त्या परतल्या, एका छपराखाली राहूनही आपल्या चालीरीती पाळत राहिल्या, स्वतः वाचून, पाहून, विचार करून १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. श्रद्धा घरातल्या माणसावरही लादता येत नाही, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला. माझ्या मोठ्या मुलाला सध्या प्रार्थनेबद्दल कठीण प्रश्न पडतात. तो विचारतो, मी उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, आणि कधी आम्ही दोघे गप्प बसतो. पाळकाचा मुलगा म्हणून त्याला बाकांच्या पहिल्या रांगेत बसायची सक्ती मी कधी केलेली नाही.

टिळकांचा हात सढळ होता. घरात काय आहे याचा विचार न करता ते देऊन टाकत, आणि घर चालवायचं लक्ष्मीबाईंनी. परकी मुलं त्यांच्या घरात वाढली. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. टिळकांनी आरंभलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर याच बाईने पुरं केलं, जिला लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं होतं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ मी आमच्या तरुण पाळकांना लग्नाच्या भेटीत देतो. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमाही मला या ओळीत दिसते. केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात ती आईच्या बरोबरीने राबली आणि १९२१ मध्ये, आईच्या आधी, गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. सेवेच्या इतिहासात नाव एकाचं राहतं, झीज सगळ्या घराची होते.

आमच्या घरी पत्नीने एक नियम घातला आहे. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं आणि त्या वेळी माझा फोन तिच्याकडे असतो. मयत किंवा दवाखाना एवढ्याच निरोपांना ती मला उठवते. जेवणानंतर एक जण वचन वाचतो, प्रार्थना होते, आणि ज्याला जे बोलायचं ते बोलायचं, शाळेतल्या भांडणापासून विजेच्या बिलापर्यंत. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रात्री शेजारच्या वस्तीवरची एक बाई दोन लेकरांना घेऊन दारात उभी राहिली. नवरा दारू पिऊन मारत होता. मी काय करावं हे ठरवेपर्यंत पत्नीने लेकरांना आत घेतलं होतं आणि माझ्या मुलीने आपलं अंथरूण त्यांना दिलं होतं. जखम धुतली, गरम वरण-भात वाढला गेला. मी पोलीस पाटलांना फोन लावला, दुसऱ्या दिवशी बाईच्या भावाला बोलावून घेतलं. ती बाई आमच्या मंडळीतली नव्हती. तिची जात कोणती, देव कोणता, हे त्या रात्री कोणी विचारलं नाही. अनोळखी जखमीला मदत करणाऱ्या शोमरोनी माणसाच्या, येशूने सांगितलेल्या दाखल्यावर मी अनेकदा संदेश दिला आहे. माझ्या मुलीने तो मन लावून ऐकला होता.

म्हणून माझी मंडळ्यांना विनंती आहे. पाळकीणबाईंना त्यांच्या नावाने हाक मारा, आणि त्यांना काय करायला आवडेल ते विचारा. त्या नोकरी करत असतील तर ती टिकेल असं पाहा. मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. आठवड्यातला एक दिवस पाळकाच्या घराला मोकळा ठेवा आणि त्या दिवशी लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला जाऊ नका. आणि बदली करायचीच असेल तर ती मुलांच्या परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात करा.