जखम आणि आंबटाचे पथ्य

पोटाची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की पथ्याची सूत्रे बहुधा आजी, आत्या अशा वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती जातात. ‘आंबट देऊ नका हो, जखम पिकेल,’ हा त्यांचा पहिला हुकूम. लिंबू, संत्रे, आवळा सारे वर्ज्य. ताटात फक्त पेज आणि मऊ भात. ह्यामागची माया खरी. परंतु आतड्याची जखम कशी भरून येते हे एकदा पाहिले, म्हणजे आंबटावरील हा राग अनाठायी आहे असेच म्हणावे लागते.

आतड्याचा रोगट भाग काढून टाकल्यावर उरलेली दोन टोके शल्यविशारद टाक्यांनी जोडतो. (सुश्रुतसंहितेत ह्या कामी काळ्या मुंग्या सांगितल्या आहेत! कडा जुळवून त्यांवर मुंग्यांचा चावा घ्यावयाचा आणि डोके तेथेच ठेवून धड तोडावयाचे.) हा टाका आतड्याच्या कोणत्या थरात टिकतो, हे अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड ह्यांनी १८८७ साली दाखवून दिले. आतल्या नाजूक अस्तराच्या लगेच खाली असलेला एकच थर तो भार पेलतो, आणि त्या थराचे बळ असते कोलॅजन ह्या तंतुमय प्रथिनात. ह्याच कोलॅजनचा तीनपदरी पीळ १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था ह्यांनी उलगडला.

नवल पुढेच आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत शरीर जखमेच्या कडेचे जुने कोलॅजन स्वतःच विरघळवू लागते आणि नवे अद्याप पुरेसे तयार झालेले नसते. साहजिकच त्या सुमारास जोड सर्वांत दुबळा असतो आणि तो केवळ टाक्यांच्या आधारावर उभा असतो. त्यानंतर पेशी झपाट्याने नवे तंतू विणू लागतात व आतड्याचा जोड कातडीच्या जखमेपेक्षाही लवकर बळकट होतो. जोड गळू लागल्याचे बहुधा पहिल्या आठवड्यात किंवा त्यानंतरच्या थोड्याच दिवसांत उघडकीस येते. म्हणून रुग्ण हसूबोलू लागला तरी ताप, वाढती पोटदुखी किंवा नाडीचा वेग ह्यांकडे दुर्लक्ष करू नये. डॉक्टरांना तत्काळ कळवावे.

आता आंबटाची गोष्ट. कोलॅजनचा पीळ घट्ट बसण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागतेच. १९३९ साली बोस्टनच्या जॉन क्रँडन ह्या तरुण शल्यविशारदाने ह्याचा प्रयोग स्वतःच्या देहावर केला. फळे आणि भाज्या त्याने संपूर्ण वर्ज्य केल्या. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. सहा महिन्यांनी केलेली दुसरी जखम मात्र वरून जुळलेली दिसली, पण कातडीखाली भरलीच नव्हती. शिरेतून ‘क’ जीवनसत्त्व दिल्यावर तीच जखम दहा दिवसांत सांधू लागली. म्हणजे चार दिवस लिंबू न मिळाल्याने बिघडत नाही. पण दीर्घ आजाराने आधीच खंगलेल्या माणसाकडून महिनोन्‌महिने आंबट तोडणे ही निराळी गोष्ट होय. जखम पिकते ती जंतूंमुळे, लिंबामुळे नव्हे. लिंबू शिजवताना न घालता वाढतेवेळी पिळावे, एवढेच. गोळ्यांचा भडिमार केल्याने मात्र जखम दुप्पट वेगाने भरत नाही.

नुसत्या पेजेवर ठेवण्याचेही तसेच. तंतू विणायला प्रथिने हवीत. ती डाळ, दूध, दही, अंडी ह्यांतून येतात, पेजेच्या निवळीतून नव्हे. पूर्वी वारा सरेपर्यंत रुग्णाच्या तोंडात काही घालत नसत. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट ह्यांनी १९९० नंतर ही पद्धत बदलण्याचा आग्रह धरला, आणि आता अनेक रुग्णांना पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच द्रव आहार सुरू होतो. अर्थात केव्हा काय द्यावे हे ज्याने टाके घातले त्यानेच ठरवावे. मधुमेही किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पथ्य आणखी वेगळे.

ज्या पथ्यासाठी खरोखर हट्ट धरावा ते तंबाखूचे. कोलॅजन घडवायला प्राणवायू लागतो, आणि तंबाखूने रक्तवाहिन्या आकसून जखमेपर्यंत तो कमी पोहोचतो. विडी-सिगारेट तर नकोच. पण पुष्कळ घरांतून स्त्रिया दात घासण्यास मिश्री वापरतात, तीही भाजलेली तंबाखूच असते. डॉक्टरांनी विचारले असता ती सांगावयाची बहुधा राहून जाते.