जेलीफिशच्या छत्रीखाली

गेल्या रविवारी मी बाबांबरोबर रापण ओढायला गेलो होतो. जाळ्यात मासळी थोडी आणि जेलीफिशच जास्त! सगळी माणसं वैतागली. मला पण राग आला. मी काठीने एक जेलीफिश उलटी केली. तर काय गंमत! तिच्या छत्रीखाली कुर्लीचं इवलंसं पिल्लू बसलं होतं. बाजूला काळ्या पट्ट्यांचे दोन पिवळे मासे तडफडत होते, बोटाएवढे. बाबांनी तिघांना करवंटीत घेऊन लाटेत सोडले.

सोमवारी मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, जेलीफिशला हाड नाही, मेंदू नाही. अंगात बहुतेक पाणीच. पण तिच्या लोंबत्या धाग्यांत विष असते, म्हणून पुष्कळ मासे तिच्यापासून लांब राहतात. काही माशांची पिल्ले मात्र तिच्याच आडोशाला राहतात. धाग्यांना अंग लागू न देता ती पोहतात आणि मोठी झाली की निघून जातात. पाठीवर क्रूसासारखी खूण असते त्या कुर्लीची पिल्लेही तिच्यावर बसून फिरतात. म्हणजे जेलीफिश हे त्यांचे घर आणि होडीसुद्धा!

बाबा म्हणाले, "आज सोडलेली पिल्लं उद्या मोठी होतील, तेव्हाच आपल्याला मासळी मिळेल."

एक लक्षात ठेवा. मेलेली जेलीफिशसुद्धा डंख मारते. तिला हात लावू नका. डंख झालाच तर चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा आणि लगेच मोठ्या माणसांना सांगा.

– इयत्ता ४ थी