गिअर दाखवा, मग पैसे घ्या

लोणी भापकर हे बारामती तालुक्यातल्या जिरायत पट्ट्यातले गाव. ज्वारी, बाजरी, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याची डाळिंबाची बाग. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. म्हणून आमच्या धाकट्या भावाने पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर घ्यायचे ठरवले. घरच्या दीड एकरात चालवायचा आणि गावात भाड्यानेही द्यायचा. मामूंनी कर्ज-ए-हसना दिले. ‘हंगाम झाल्यावर दे,’ एवढेच ते म्हणाले.

यंत्र चीनमधून आलेले होते आणि नामांकित कंपनीच्या यंत्रापेक्षा किंमत जवळपास निम्मी. दुकानदाराने कच्ची पावती लिहून दिली. ‘गॅरंटी आमची,’ म्हणाला. दुसऱ्याच महिन्यात डाळिंबाच्या दोन ओळींमध्ये चालताना गिअरबॉक्समधून कडकड आवाज आला आणि पाती फिरायची थांबली. दुकानात गेलो तर उत्तर मिळाले, ‘ते मॉडेल आता येत नाही.’

बारामतीत आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक चाचा आहेत. त्यांनी आधी इंजिनावरचा आकडा वाचला. १७०एफ म्हणजे एक सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा, हवेने थंड होणारे इंजिन. होंडाच्या इंजिनाच्या धर्तीवर चीनमधले कितीतरी कारखाने अशी इंजिने बनवतात, त्यामुळे पिस्टन, रिंगा, कार्बोरेटर सहज मिळतात. बेअरिंगचेही तसेच. ६२०४ नंबर म्हटला की आतला व्यास २०, बाहेरचा ४७, जाडी १४ मिलिमीटर. मग ते कोणत्याही कंपनीचे असो. ऑइल सीलवरही माप छापलेले असते.

‘अडते ते इथे,’ म्हणत चाचांनी तुटका गिअर हातावर ठेवला. दात किती, शाफ्ट केवढा, केसिंगची भोके कुठे, हे ज्याचे त्याचे वेगळे. लेथवर तसाच गिअर करून घेतला. पण दातांना हवा तसा कडकपणा आला नाही आणि आठवड्यात ते झिजले. तोवर खुरपणीचे दिवस सरले होते. मामूंनी पैशांचा विषयही काढला नाही, त्यानेच आम्हाला जास्त लाज वाटली.

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये पॉवर टिलरच्या आयातीवर निर्बंध आणले. परवाना हवा असेल तर आयातदाराकडे विक्रीनंतरच्या सेवेची आणि सुट्या भागांची सोय असली पाहिजे, अशी अट घातली. आमचे यंत्र वीडर म्हणून विकलेले, ही अट टिलरसाठी. पण तोच प्रश्न गिऱ्हाईकाने काउंटरवर विचारायला काय हरकत आहे? या मॉडेलचा गिअर आत्ता कपाटातून काढून दाखवा म्हणावे. ‘मागवून देऊ’ या शब्दावर पैसे मोजू नयेत.

बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव आणि पत्ता छापलेला असायला हवा. आमच्या खोक्यात अम्मीने कोंबडीची पिल्ले ठेवली होती. ती बाहेर काढून चारही बाजू पाहिल्या, तर चिनी अक्षरांशिवाय काहीच नव्हते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेतले, तर भाड्याने चालवले तरी तो माणूस ग्राहकच ठरतो. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

चाचांनी ते इंजिन काढून फवारणीच्या पंपाला बसवून दिले. त्याच्या भाड्यातून मामूंचे पैसे थोडे थोडे फिटत आहेत. भाऊ तक्रारीचे कागद जमवतो आहे. कच्च्या पावतीवर तारीख आणि रक्कम आहे, दुकानाचे नाव मात्र कुठेच नाही.