उतारवयातला थायरॉइड: आकडा वाचायचा की माणूस?

मंडळी, रिसोड असो की कारंजा, घरातली आजी हल्ली फार बोलत नाही. सगळ्यांआधी तिलाच थंडी वाजते, पोट साफ होत नाही, आवाज जड झालाय. घरचे म्हणतात, वय झालं. कधी ते खरंच वय असतं, आणि कधी थायरॉइड मंदावलेली असते. उतारवयात दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात, हीच खरी अडचण.

आपल्या देशात हा प्रश्न केवढा आहे? सध्या पुण्यात काम करणारे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथिविकारतज्ज्ञ, डॉ. ए. जी. उन्नीकृष्णन आणि सहकाऱ्यांनी मुंबई, गोव्यासह आठ ठिकाणच्या पाच हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. दर शंभरात जवळपास ११ जणांची थायरॉइड मंद होती. त्यातल्या तीन-साडेतीन जणांना तर त्याचा पत्ताच नव्हता. म्हणजे तपासणी हवीच.

पण तपासणीनंतर दुसरा प्रश्न उभा राहतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला काम करायचा हुकूम सोडते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. थायरॉइड मंदावली की हुकूम वाढतो. रिपोर्टवर मर्यादा साधारण ४ ते ५ छापलेली असते. आता आजींचा टीएसएच आला ६, आणि टी-फोर हे संप्रेरक मात्र बरोबर. मग गोळी सुरू करायची का?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅन कॅपोला यांच्या संशोधनाचा मोठा भाग याच प्रश्नाभोवती आहे. २००६ साली त्यांनी ६५ वर्षांवरच्या ३,२३३ लोकांचा अभ्यास मांडला. या मंडळींची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेली होती. टीएसएच थोडा वाढलेल्यांना हृदयविकार किंवा मृत्यूचा धोका जास्त दिसला नाही. उलट ज्यांचा टीएसएच खाली गेला होता, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास होतं! आणि गोळीचा डोस जास्त झाला की टीएसएच खालीच जातो. हाडंही ठिसूळ होतात.

२०१७ साली युरोपातल्या 'ट्रस्ट' चाचणीत ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. टीएसएच उतरला, पण वर्षभरानंतर थकव्यात फरक काहीच नाही. वयानुसार टीएसएच थोडा चढणं बहुधा शरीराची स्वाभाविक चाल असावी.

मग करायचं काय? थोडा वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. पुष्कळदा तो आपोआप उतरतो. १० च्या वर असेल किंवा टी-फोर कमी असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे औषधाचा विचार करावाच लागतो. वृद्धांत, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर, डोस अगदी कमी ठेवून सुरू करतात आणि सहा-आठ आठवड्यांनी रक्त पाहून वाढवतात.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं. आपला जिल्हा सोयाबीनचा. शेतातल्या सोयाबीननं काही होत नाही, पण सोया दूध किंवा सोया वडी गोळीसोबत खाल्ली तर औषध नीट शोषलं जात नाही.

एक विनंती. आज हे ऐकून कुणी चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांची थायरॉइड खरोखर मंद आहे किंवा ऑपरेशननं काढलेली आहे, त्यांना ती लागतेच. जुना रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, 'माझ्या वयाला हा आकडा जास्त आहे का? गोळी सुरू झाली तेव्हा टीएसएच किती होता?' हे दोन प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक आजी-आजोबांना आहे.