माल्टातल्या या भुयारात दिवसाला फक्त ८० पर्यटकांनाच प्रवेश का?

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर जाणाऱ्या अनेकांना एक ठिकाण बघताच येत नाही. ते म्हणजे पाओला शहरातलं 'हाल साफ्लिएनी हायपोजियम'. इथल्या गाइडेड टूरमध्ये एका वेळी १० जण, तेही दिवसाला जास्तीत जास्त ८० जणच आत जाऊ शकतात.

इथे आहे तरी काय?

चुनखडीच्या खडकात कोरलेली, साडेचार हजार वर्षांहून जुनी तीन मजली दफनभूमी. १९०२ मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना ती कामगारांना सापडली. इथे सुमारे ७ हजार जणांचं दफन झाल्याचा अंदाज आहे. १९८० मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं.

मग मर्यादा कशासाठी?

आत छतावर लाल गेरूने रंगवलेली नक्षी आहे. माणसांच्या श्वासामुळे आतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, तर दिव्यांच्या उजेडात शेवाळ धरतं. यामुळे दगड आणि रंग दोन्ही खराब होतात. म्हणूनच १९९० च्या दशकात हे ठिकाण अनेक वर्षं बंद होतं. २००० मध्ये ते पुन्हा उघडलं, पण मोजक्याच पर्यटकांसाठी.

जायचं असेल तर?

ऑनलाइन तिकिटं बऱ्याचदा काही आठवडे आधीच संपतात. आत फोटो काढायला बंदी आहे. त्यामुळे माल्टाला जायचं ठरलं, की विमानाच्या आधी या भुयाराचं तिकीट बघा.