मस्तिष्कावरणांतील रक्तस्रावाचे प्रतिमादर्शन

मेंदूवर दृढतानिका, जालतानिका व मृदुतानिका अशी तीन आवरणे असतात. कवटी व दृढतानिका यांमध्ये, दृढतानिका व जालतानिका यांमध्ये किंवा जालतानिकेखालील अवकाशात साचलेले रक्त दाखविणाऱ्या तंत्रांचा येथे विचार केला आहे. कवटी प्रसरण पावत नसल्यामुळे साचणारे रक्त मेंदूवर दाब आणते आणि काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचा अस्थिभंग दिसतो, रक्त दिसत नाही. क्विंके यांनी १८९१ मध्ये वर्णिलेल्या कटिवेधनाने मस्तिष्क-मेरुद्रवात रक्त आहे हे कळे, ते कोठून आले हे कळत नसे. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बन येथे रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शी द्रव्य सोडून मेंदूतील वाहिन्यांचे चित्रण केले. वाहिन्या कवटीपासून आत ढकललेल्या दिसल्या की मध्ये रक्त साचले असावे, असे मानीत. हे अनुमानच होते. पुष्कळदा कवटीस छिद्रे पाडूनच खात्री करावी लागे.

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे संगणकीय छेदचित्र घेतले आणि रक्त प्रत्यक्ष दिसू लागले. ताजे गोठलेले रक्त मेंदूच्या ऊतकापेक्षा क्ष-किरण अधिक शोषते. म्हणून ते पांढरे दिसते. दृढतानिकेबाहेरील रक्त बहिर्गोल भिंगासारखे, तिच्याखालील चंद्रकोरीसारखे, तर जालतानिकेखालील रक्त मेंदूच्या खाचांतून पसरलेले दिसते. मात्र एकदोन आठवड्यांत दृढतानिकेखालील रक्ताची छटा मेंदूसारखीच होते. पाय घसरून पडल्याची घटना विसरलेल्या वृद्धाच्या बाबतीत ते नजरेतून सुटण्याचा धोका असतो. अशा वेळी चुंबकीय अनुस्पंदन चित्रण उपयोगी पडते.

रोहिणीचा फुगा फुटून होणाऱ्या रक्तस्रावात काळाचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. अचानक तीव्र डोकेदुखी झालेल्या ३,१३२ रुग्णांची कॅनडातील पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. छेदचित्रणाने जालतानिकेखालील सुमारे ९३ टक्के रक्तस्राव ओळखले. सहा तासांच्या आत तपासलेल्यांपैकी मात्र एकही सुटला नाही. म्हणून उशिरा घेतलेले चित्र निर्दोष असले, तरी संशय कायम असल्यास कटिवेधन करतात. फुग्याचे स्थान शोधण्यास वाहिन्यांचे संगणकीय छेदचित्रण बहुधा पुरेसे होते.

अंधेरी, घाटकोपर वा बोरिवली येथे लोकलमधून पडलेला बेशुद्ध प्रवासी रुग्णालयात येतो, तेव्हा त्याची हकीकत सांगणारे बरोबर कोणी नसते. चित्र काही सेकंदांत निघते. ते वाचणारा तज्ञ रात्री तेथे असेलच असे नाही. खरा विलंब आता येथे होतो. मुंबईतील क्यूअर.एआय या संस्थेने भारतातील सुमारे २० केंद्रांवरील तीन लाखांहून अधिक चित्रांच्या आधारे रक्तस्राव ओळखणारी संगणकप्रणाली तयार केली. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ म्हणजे निर्दोष ओळख या मापनात, तिला ०.९२ व ०.९४ असे गुणांक मिळाले. संशयास्पद चित्र तज्ञापुढे आधी ठेवणे हा तिचा योग्य उपयोग होय. निदान तिच्यावर सोपविता येत नाही.

रुग्णवाहिकेत वापरता येतील अशी, अवरक्त किरणांवर चालणारी हातातील उपकरणेही निघाली आहेत. ती डोक्याच्या दोन्ही बाजूंची तुलना करतात. त्यामुळे खोलवरचे किंवा दोन्हीकडे सारखेच साचलेले रक्त त्यांना कळत नाही.