सणातला ताप आणि दुखऱ्या पोटऱ्या

श्रावण उजाडला की आपल्या खाडीकाठच्या गावांना वेगळीच कळा येते. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव या गावांत होड्यांना रंग लागतो, जाळी विणून तयार होतात आणि नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत खाडीवर नेला जातो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ, शिवाय दर्याही खवळलेला. म्हणून बंदी उठली तरी जुनी जाणती मंडळी समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत.

नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी गोकुळाष्टमी, दुसऱ्या दिवशी गोपाळकाला, त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी गणपती आणि शेवटी अनंत चतुर्दशी. अधिक मास आडवा आला नाही तर हा सगळा महिन्याभराचा कार्यक्रम. पंचांगातला हा महिना आम्हा डॉक्टरांच्याही पंचांगात आहे. लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे रुग्ण याच सुमारास वाढतात. सणांचा आणि या रोगाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो समजावून सांगण्यासाठीच आजचा हा लेख. सुरुवात मी माझ्याच एका चुकीने करतो.

नाचलास का?

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक धडधाकट तरुण दवाखान्यात आला. अंगात १०२ ताप, डोके दुखत होते, डोळे लाल आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की पायरी चढताना तो भिंतीला धरत होता. दवाखान्यात गर्दी होती. मी विचारले, ‘काल खूप नाचलास का?’ तो हसून म्हणाला, ‘हो डॉक्टर, आगमनाला रात्रभर.’ डोळ्यांचे विचारले तर म्हणाला, ‘गुलाल गेला असेल.’ माझेही समाधान झाले. पॅरासिटामॉल दिले, विश्रांती सांगितली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

तिसऱ्या दिवशी त्याची आई त्याला रिक्षात घालून घेऊन आली. डोळे पिवळे झालेले, लघवी जवळजवळ बंद. शेजारच्या गावात काविळीचे झाडपाल्याचे औषध देतात, तिकडे नेऊ का, असे ती माऊली विचारत होती. मी त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले. मूत्रपिंडे काम करीनाशी झाली होती. अनेकदा डायलिसिस करावे लागले. मुलगा वाचला, आज त्याला दोन मुले आहेत. पण तीन दिवस वाया गेले आणि त्यातला पहिला दिवस माझ्यामुळे गेला, हे मी विसरलेलो नाही.

नंतर सगळी हकीगत कळली. गोपाळकाल्याच्या दिवशी धो धो पाऊस होता. गावठाणात गटाराचे पाणी रस्त्यावर आले होते. अशा पाण्यात हा अनवाणी पायांनी थर लावत होता आणि फुटलेल्या हंडीची खापरी त्याच्या तळपायात घुसली होती. त्यावर हळद दाबून तो पुढच्या हंडीला गेला. ताप आला तो बरोबर अकराव्या दिवशी. त्या सकाळी मी आदल्या रात्रीचे विचारले. विचारायला हवे होते ते मागच्या सणाचे.

रोग होतो कसा?

या रोगाचे वर्णन १८८६ साली जर्मनीतील डॉ. अडोल्फ वाइल यांनी केले. त्याचा जंतू पुढे सुमारे तीस वर्षांनी जपानमध्ये इनाडा आणि इदो या संशोधकांनी शोधून काढला. स्क्रूसारखा पिळदार असा हा सूक्ष्म जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात सुखाने राहतो आणि त्यांच्या मूत्रातून बाहेर पडतो. गाई-म्हशी, डुकरे, कुत्री यांच्याही मूत्रातून तो येऊ शकतो. ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात तो कित्येक दिवस, कधी कधी आठवडे टिकून राहतो. माणसाच्या अंगात शिरायला त्याला जखम लागते, पण ती मोठीच हवी असे नाही. भेगाळलेली टाच, चिखल्या, कालवाच्या कवचाने गेलेला ओरखडा, एवढे पुरे होते. डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक अस्तरातूनही तो आत जातो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की आपण समुद्रावरची माणसे, खारे पाणी सगळे मारून टाकते. खाऱ्या पाण्यात हा जंतू फार टिकत नाही हे खरे. पण पावसाळ्यातली खाडी म्हणजे भर समुद्र नव्हे. नाले, गटारे आणि डोंगरावरचे पाणी तिला मिळते आणि काठावरचे पाणी पुष्कळसे गोडे होते. निवट्या, चिंबोऱ्या धरायला लोक अनवाणी उतरतात तो चिखल, जेट्टीजवळची डबकी, मासळीबाजारामागचे गटार ही खरी धोक्याची ठिकाणे.

त्यात आपल्या शहराची रचना. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठची खाजण जमीन भरून वसवलेला आहे आणि काही भाग भरतीच्या पातळीपेक्षाही खाली आहे. म्हणूनच सिडकोने जागोजागी धारण तलाव ठेवले. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाणाची भरती असते. त्याच वेळी जोराचा पाऊस आला तर पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. उंदरांची बिळे बुडतात आणि बिळातले सगळे रस्त्यावर येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबई परिसरात लेप्टोची मोठी साथ आली, हे अनेकांना आठवत असेल.

एका सणाचा रोग दुसऱ्या सणात

जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारणपणे ५ ते १४ दिवस जातात. कधी दोनच दिवस, तर कधी महिनासुद्धा लागतो. आता हे सणांशी ताडून पाहा. नारळी पौर्णिमेला चिखलात गेलेल्याला गोकुळाष्टमीच्या आसपास ताप येतो. गोपाळकाल्याला भिजलेल्याला गणपतीत येतो. विसर्जनासाठी तळ्यात उतरलेल्याला पितृपक्षात येतो. तोपर्यंत ते पाणी कोणाच्या लक्षातही नसते.

शिवाय या रोगाच्या प्रत्येक लक्षणाला सणात एक सोयीचे कारण तयार असते. पोटऱ्या दुखल्या तर नाचून, डोळे लाल झाले तर गुलालाने किंवा जागरणाने, उलटी झाली तर मोदक जास्त झाले म्हणून, लघवी कमी झाली तर पाणी कमी प्यायलो म्हणून. घरात गणपती असताना दवाखाना कशाला, असे म्हणून दोन-तीन दिवस निघून जातात.

फरक ओळखणे अवघड नाही. नाचून दुखणारे पाय दुसऱ्या दिवशी दुखतात आणि दोन-तीन दिवसांत मोकळे होतात. त्याबरोबर ताप येत नाही. लेप्टोमध्ये थंडी वाजून एकदम जोराचा ताप येतो आणि पोटरी नुसती दाबली तरी रुग्ण कळवळतो. डोळे लाल होतात, पण त्यांतून सहसा चिकटा येत नाही. यापुढे डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काहीही दिसले तर घरी एक तासही थांबू नये.

उपाय काय?

समाधानाची बाब अशी की सुरुवातीच्या दिवसांत ओळखला तर हा रोग साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी बरा होतो. मात्र रक्ताची नेहमीची तपासणी पहिल्या पाच-सहा दिवसांत निर्दोष येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता औषध सुरू केले तर त्यांच्यावर रागावू नये. याच दिवसांत मलेरिया आणि डेंग्यूही असतात, त्यामुळे त्यांची तपासणीही करून घ्यावी लागते. अंगदुखीसाठी ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडांना त्रास देतात आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. साचलेल्या पाण्यात जाणे टाळावे. जावेच लागले तर गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर पाणी आत जाणार नाही अशी पट्टी लावावी.

२. घरी येताच पाय साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावेत. जखमेवर हळद दाबण्याआधी ती धुणे महत्त्वाचे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे.

३. गुडघाभर गढूळ पाण्यातून जावे लागले असेल, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. डॉक्सिसायक्लीन या गोळ्या प्रतिबंधासाठी देता येतात. त्या गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत. म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत.

४. मंडपामागे नारळाच्या करवंट्या, उरलेला प्रसाद, निर्माल्य साठू देऊ नये. त्यावर उंदीर जमतात.

५. डॉक्टरांनी विचारले नाही तरी महिन्याभरात कोठे पाण्यात किंवा चिखलात गेला होतात ते आपण होऊन सांगावे.

विसर्जनाविषयी आणखी एक सूचना. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी अनेक भाविकांना पाकटाने दंश केला होता. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. या विषाची वेदना उष्णतेने कमी होते. पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे, म्हणजे पाय भाजणार नाही. काटा छातीत, पोटात वा मानेत रुतला असेल तर उपटू नये. तसेच रुग्णालयात न्यावे.

सण टाळा असे मी कधीच सांगणार नाही. दर्याला नारळ वाहताना आपले कोळी बांधव सुखरूप परत येऊ दे, एवढेच मागणे मागतात. परतल्यावर पाय धुवावेत आणि ताप आला तर मागचा सण आठवावा. तो तरुण दरवर्षी गणपतीत मोदक घेऊन दवाखान्यात येतो. मी आधी त्याच्या पायांकडे पाहतो. तो हसतो आणि म्हणतो, ‘गमबूट घातलेत, डॉक्टर.’